विधिमंडळाच्या कागदांतला हशा

महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत बोलला गेलेला शब्द न् शब्द लिहून घेतला जातो. विधानसभेत २८८ आणि विधानपरिषदेत ७८ सदस्य आहेत. सभागृहात बसलेले प्रतिवेदक आळीपाळीने काही मिनिटांचे बोलणे लघुलिपीत टिपतात आणि बाहेर जाऊन ते उतरवून काढतात. तोवर दुसरा प्रतिवेदक त्यांच्या जागी येऊन बसलेला असतो. आधी असुधारित प्रत निघते, मग तपासलेला वृत्तांत तयार होतो. भाषणे, प्रश्न, उत्तरे, मतदान, अध्यक्षांचे निर्णय असे सगळे त्यात असते. मधूनमधून कंसात एकच शब्द येतो : अडथळा, गोंधळ, हशा. पन्नास वर्षांपूर्वीच्या एखाद्या दुपारी सभागृहात वातावरण कसे होते, हे या एका शब्दावरून कळते.

ही परंपरा जुनी आहे. मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये भरली. त्या काळी सभासद नेमलेले असत आणि वागणे दरबारी असे. म्हणूनच १९०१ मध्ये फिरोजशहा मेहता, गोपाळ कृष्ण गोखले आणि त्यांचे काही सहकारी जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्ती विधेयकाला विरोध म्हणून सभागृहातून उठून गेले, तेव्हा तो प्रकार अघटित वाटला. ते विधेयक दुष्काळाने पिचलेल्या शेतकऱ्याच्या जमिनीवरच्या हक्काशी संबंधित होते, आणि सोलापूरसारख्या सतत अवर्षण सोसणाऱ्या जिल्ह्याला ते थेट लागणारे होते. आज सभात्याग हा रोजचा प्रकार झाला आहे. वृत्तांतात त्याची नोंद एका ओळीत उरकते.

या कागदांतली सर्वांत विलक्षण भाषा मात्र भाषणांत नाही, लेखी प्रश्नोत्तरांत आहे. उदाहरणार्थ, मोहोळ हा सोलापूर जिल्ह्यातील २४७ क्रमांकाचा विधानसभा मतदारसंघ. तिथल्या एखाद्या गावचा रस्ता, कालवा किंवा आरोग्य केंद्र तारांकित प्रश्नात आले, की शीर्षकात आधी गावाचे नाव छापले जाते आणि मग कंसात तालुका व जिल्हा. त्यानंतर ठरलेली वाक्ये येतात. अमुक मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय. अमुक काम रखडले आहे हे खरे आहे काय. असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत. उत्तरेही तितकीच ठरलेली असतात. ‘होय.’ ‘हे खरे नाही.’ ‘अंशतः खरे आहे.’ ‘कार्यवाही सुरू आहे.’ आणि शेवटी, ‘प्रश्न उद्भवत नाही.’

पहिल्यांदा वाचणाऱ्याला हे अजब वाटते. गावकरी गुडघाभर चिखलातून ये-जा करत असतात आणि कागदावर प्रश्नच उद्भवलेला नसतो. यामागे एक कारण आहे. प्रश्नाचे भाग एकमेकांवर उभे असतात. पहिल्या भागाला ‘हे खरे नाही’ असे उत्तर गेले, की ‘असल्यास’ने सुरू होणारे पुढचे सगळे भाग आपोआप गळून पडतात. शिवाय सभागृहाला जाणूनबुजून चुकीची माहिती देणे हा विशेषाधिकारभंग ठरू शकतो. त्यामुळे विभागाचे अधिकारी उत्तर लिहिताना एकेक शब्द मोजून वापरतात. काम निम्मे झाले असेल, तर ‘होय’ही लिहिता येत नाही आणि ‘नाही’ही. त्या पेचातून ‘अंशतः खरे आहे’ हे उत्तर निघते. प्रश्न विचारणाऱ्या मुरलेल्या आमदाराला हे सगळे ठाऊक असते. तो प्रश्नाचा पहिला भाग असा बांधतो, की मंत्र्याला ‘होय’ म्हणण्यावाचून गत्यंतर राहत नाही, आणि खरी पकड उपप्रश्नांसाठी राखून ठेवतो. सभागृहातली बरीचशी चकमक आणि बराचसा हशा या उपप्रश्नांच्या वेळीच होतो.

अशा चकमकीपेक्षाही जास्त गाजले ते २०१८ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनातले उंदरांचे भाषण. त्या वर्षी मार्च महिन्यात माजी महसूलमंत्री एकनाथ खडसे यांनी विधानसभेत मंत्रालयातल्या उंदीरनिर्मूलनाच्या ठेक्याचा विषय काढला. खडसे तेव्हा सत्ताधारी पक्षाचेच आमदार होते, हे ध्यानात ठेवायला हवे. त्यांच्या म्हणण्यानुसार कागदोपत्री आकडा ३ लाख १९ हजार ४०० उंदरांचा होता आणि सहा महिन्यांचे काम सात दिवसांत पुरे झाल्याचे दाखवले होते. मग त्यांनी सभागृहाला गणित घालून दिले. दिवसाला ४५,६२८ उंदीर, मिनिटाला ३१ हून अधिक. भागाकारात उरलेला अर्धाअधिक उंदीर बहुधा नुकताच जन्मलेला असावा, असेही ते म्हणाले. रोजच्या मेलेल्या उंदरांचे वजन नऊ हजार किलोंवर जाते, म्हणजे ते न्यायला रोज ट्रक लागला असणार. तो ट्रक कोणी पाहिला, हा त्यांचा सवाल होता. एवढ्या खटाटोपापेक्षा दहा मांजरी सोडल्या असत्या तरी काम भागले असते, या वाक्यावर सभागृहात हशा पिकला.

हे भाषण विनोदी म्हणून देशभर फिरले, पण त्यातला दुसरा भाग फारसा कोणी सांगितला नाही. उंदीर मारण्याचे विष मंत्रालयात आणण्याची आणि ठेवण्याची परवानगी कोणी दिली, असे खडसे यांनी विचारले होते. त्याला जोडून त्यांनी धर्मा पाटील यांचे नाव घेतले. धुळे जिल्ह्यातल्या या वृद्ध शेतकऱ्याने जमिनीच्या मोबदल्यासाठी खेटे घालून थकल्यावर त्याच वर्षी जानेवारीत मंत्रालयात विष घेतले होते आणि रुग्णालयात त्यांचा अंत झाला होता. सरकारकडून पुढे खुलासा आला, की ३ लाख १९ हजार ४०० हा आकडा उंदरांचा नसून विषारी गोळ्यांचा आहे. गणित बदलले, तरी ठेक्याची तपासणी कोण करतो हा मूळ मुद्दा तसाच राहिला. नुसत्या ठेक्यावर भाषण झाले असते, तर दुसऱ्या दिवशी ते कोणाच्या लक्षातही राहिले नसते. हशामुळे लोकांच्या कानावर गेलेला तो एक प्रशासकीय प्रश्न होता, आणि सभागृहातल्या चांगल्या विनोदाचे हेच काम आहे.

बोललेले सगळे मात्र कागदावर राहत नाही. अशोभनीय किंवा असंसदीय वाटणारा शब्द कामकाजातून काढून टाकण्याचा अधिकार पीठासीन अधिकाऱ्याला असतो. लोकसभेच्या नियमावलीत त्यासाठी ३८० आणि ३८१ असे दोन नियम आहेत. काढलेल्या शब्दाच्या जागी फुल्या येतात आणि अध्यक्षांच्या आदेशाने मजकूर वगळल्याची तळटीप येते. वगळलेला मजकूर छापणे वर्तमानपत्राला महागात पडू शकते. बिहार विधानसभेतले वगळलेले भाषण छापल्याबद्दल पाटण्याच्या ‘सर्चलाइट’वर कारवाई सुरू झाली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये सभागृहाचा विशेषाधिकार मान्य केला होता. उलट बाजूने राज्यघटनेचा १९४ वा अनुच्छेद आमदाराला मोठे कवच देतो : सभागृहात बोललेल्या शब्दाबद्दल त्याच्यावर न्यायालयात खटला भरता येत नाही. न्यायालयाचा धाक नसल्यामुळे शब्दांना आवर घालण्याची जबाबदारी सभागृहाला स्वतःच उचलावी लागते.

ही जबाबदारी पार पाडताना कधीकधी विचित्र गुंता होतो. सर्वांत बोलके उदाहरण नाशिकचे आहे. महात्मा गांधींच्या मारेकऱ्याचा गौरव होऊ नये म्हणून १९५६ मध्ये लोकसभेत ‘गोडसे’ हा शब्द असंसदीय ठरला आणि पुढच्या याद्यांत तसाच छापला जात राहिला. २०१४ च्या निवडणुकीत नाशिकमधून शिवसेनेचे हेमंत गोडसे निवडून आले. त्याच वर्षीच्या हिवाळी अधिवेशनात राज्यसभेत हा शब्द कामकाजातून वगळला गेला, तेव्हा आपले आडनावच संसदेत निषिद्ध आहे हे लोकसभेच्या एका विद्यमान सदस्याला कळले. त्यांनी दोन्ही सभागृहांच्या प्रमुखांना पत्रे लिहिली. हे आडनाव लावणारी कितीतरी कुटुंबे महाराष्ट्रात आहेत, आडनाव ही काही शिवी नव्हे आणि ते बदलताही येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. २०१५ च्या एप्रिलमध्ये लोकसभाध्यक्ष सुमित्रा महाजन यांनी नुसते आडनाव यादीतून काढले. मनाई नथुरामच्या नावापुरती राहिली. चिपळूणला जन्मलेल्या आणि इंदूरमधून निवडून येणाऱ्या महाजन यांना मराठी आडनावाची ही अडचण समजावून सांगावी लागली नसेल.

असंसदीय शब्दांचे संकलन लोकसभा सचिवालय प्रसिद्ध करते. जुलै २०२२ मध्ये त्याची नवी यादी बाहेर आली. ‘जुमलाजीवी’, ‘बालबुद्धी’, ‘शकुनी’, ‘गिरगिट’ असे शब्द तिच्यात दिसल्यावर देशभर गदारोळ झाला. अध्यक्ष ओम बिर्ला यांनी दुसऱ्याच दिवशी स्पष्ट केले, की कोणत्याही शब्दावर बंदी नाही आणि शब्द वगळायचा की नाही हे संदर्भ पाहून ठरते. तो संदर्भ किती निर्णायक असतो, हे त्याच वर्षी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात दिसले. राष्ट्रवादीचे आमदार जयंत पाटील यांनी विधानसभाध्यक्षांना उद्देशून ‘निर्लज्जपणा’ हा शब्द वापरला आणि ते अधिवेशन संपेपर्यंत निलंबित झाले. रस्त्यावरच्या भाषणात या शब्दाकडे कोणी वळूनही पाहिले नसते. ब्रिटनच्या संसदेत दुसऱ्या सदस्याला खोटारडा म्हणता येत नाही. विन्स्टन चर्चिल यांनी १९०६ मध्ये ‘शब्दप्रयोगातील अयथार्थता’ अशा अर्थाची लांबलचक शब्दरचना वापरून ती अडचण ओलांडली आणि ती रचना इंग्रजीत कायमची रुजली.

शब्दांपलीकडचा प्रकार महाराष्ट्राने १९६४ मध्ये पाहिला. यवतमाळचे तरुण आमदार जांबुवंतराव धोटे यांनी विधानसभेत अध्यक्षांच्या दिशेने पेपरवेट भिरकावला. सभागृहाने त्यांचे सदस्यत्वच रद्द केले. पोटनिवडणूक लागली आणि यवतमाळच्या मतदारांनी त्यांनाच पुन्हा निवडून पाठवले. तेव्हा अध्यक्षस्थानी बाळासाहेब भारदे होते. हे शेवगावचे, कीर्तनाची परंपरा अंगी मुरलेले गृहस्थ १९६२ ते १९७२ अशी दहा वर्षे अध्यक्ष होते आणि तापलेले सभागृह एखाद्या कोटीने निववण्यात त्यांचा हातखंडा होता. विधानपरिषदेत त्याच काळात वि. स. पागे सभापती होते, तेही तब्बल अठरा वर्षे. दोघांनाही संतवाङ्मयाची गोडी. दोन्ही सभागृहांना एकाच वेळी असे अध्यक्ष मिळणे हे राज्याचे भाग्यच म्हणायचे.

विनोदाच्या गोष्टीत आचार्य अत्रे आल्यावाचून राहत नाहीत. १९५७ मध्ये ते दादरमधून विधानसभेवर निवडून आले. त्यांच्या नावावर सांगितले जाणारे किस्से एवढे आहेत, की त्यांतला कोणता सभागृहातला, कोणता शिवाजी पार्कवरच्या सभेतला आणि कोणता नंतर कोणी रचून चिकटवलेला, हे ऐकणाऱ्याला कळणे अवघड होते. विरोधक एकटा आणि सत्ताधारी डझनावारी, यावरचा कोंबडा-कोंबड्यांचा किस्सा याचा नमुना आहे. तो दर वेळी वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या प्रसंगी घडतो. सभागृहातल्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कोणत्याही किश्श्याची कसोटी एकच : बैठकीची तारीख आणि वृत्तांताचे पान. ते दाखवता येत नसेल, तर तो किस्सा लोककथेत जमा करावा. राज्यसभा सचिवालयाने सभागृहातल्या विनोदी प्रसंगांचे पुस्तकच काढले आहे. त्याचे मोल यातच आहे, की त्यातला मजकूर अधिकृत वृत्तांतातून घेतलेला आहे.

अलीकडची एक जुगलबंदी या कसोटीला पुरेपूर उतरते. २०१९ च्या निवडणुकीआधी तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांची ‘मी पुन्हा येईन’ ही घोषणा घरोघरी पोहोचली होती. निवडणुकीनंतर सत्ता गेली आणि १ डिसेंबर २०१९ रोजी ते विरोधी पक्षनेते म्हणून सभागृहात बसले. जयंत पाटील यांनी चिमटा काढला : पुन्हा येणार हे सांगितले होते, पण कोणत्या बाजूला बसणार हे सांगितले नव्हते. फडणवीस यांनी परतफेड केली, की येईन म्हणालो होतो, वेळापत्रक दिले नव्हते. दोन्ही बाके हसली. जून २०२२ मध्ये फडणवीस उपमुख्यमंत्री म्हणून परतले आणि ५ डिसेंबर २०२४ रोजी मुख्यमंत्री झाले. वृत्तांताचे खंड ओळीने वाचणाऱ्याला एका कोटीचा पाच वर्षांचा प्रवास असा तारीखवार सापडतो. २०२२ च्या जुलैतल्या शिरगणतीच्या वेळी विरोधी बाकांवरून ‘ईडी, ईडी’ असा गजर झाला. त्यावर फडणवीस म्हणाले, की होय, हे ईडीचेच सरकार आहे, एकनाथांचे (शिंदे) आणि देवेंद्रांचे.

सोलापूर जिल्ह्याशी नाते असलेला एक हशा मात्र दिल्लीतला आहे. रामदास आठवले १९९९ ते २००९ या काळात पंढरपूरचे खासदार होते. १९ जून २०१९ रोजी लोकसभेत ओम बिर्ला यांची अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा अभिनंदनाची भाषणे नेहमीच्या गंभीर वळणाने चालली होती. आठवले उठले आणि त्यांनी अध्यक्षांच्या नावाला एका परदेशी शहराचे यमक जुळवून काव्यमय अभिनंदन केले. सत्ताधारी आणि विरोधी दोन्ही बाकांवर हास्याची लाट उसळली. आठवले तेव्हा केंद्रात मंत्री असले तरी राज्यसभेचे सदस्य होते, मग ते लोकसभेत कसे बोलले? राज्यघटनेच्या ८८ व्या अनुच्छेदाने मंत्र्याला दोन्ही सभागृहांत बोलण्याचा हक्क आहे. मतदान मात्र त्याला स्वतःच्याच सभागृहात करता येते.

काही प्रसंग इतके गाजतात, की ते वृत्तांतात असतीलच असे वाटते, पण तिथे ते सापडत नाहीत. जुलै २०२१ मध्ये भाजपचे बारा आमदार निलंबित झाले. दुसऱ्या दिवशी पक्षाने विधान भवनाच्या आवारात प्रतिविधानसभा भरवली आणि कालिदास कोळंबकर यांना अध्यक्ष केले. तिथे भाषणे झाली, पण ती अधिकृत कामकाजाचा भाग नव्हती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नितेश राणे यांनी आदित्य ठाकरे जाताना मांजराचा आवाज काढला, तोही सभागृहात नव्हे, विधान भवनाच्या पायऱ्यांवर. आत चर्चा मात्र झाली. आदल्याच दिवशी भास्कर जाधव यांनी सभागृहात पंतप्रधानांची नक्कल केली होती आणि त्यावरून उठलेल्या गदारोळानंतर त्यांनी माफी मागितली होती. जुलै २०२५ मध्ये तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांची विधानपरिषदेतील चित्रफीत फिरली. त्यांच्या मोबाइलवर रमीचा खेळ दिसत होता. आपण जाहिरात बंद करत होतो, असा खुलासा त्यांनी केला. महिनाअखेर त्यांच्याकडे कृषीऐवजी क्रीडा खाते आले. बोललेलेच टिपणाऱ्या वृत्तांतात अशा मूक प्रसंगाला जागा नसते.

सांगोल्याचे उदाहरण याहून सूचक आहे. मोहोळपासून फार लांब नसलेल्या या मतदारसंघाचे गणपतराव देशमुख अकरा वेळा विधानसभेवर निवडून आले. पाणी, चारा, रोजगार हमी यांवरची त्यांची भाषणे अर्धशतकाच्या वृत्तांतांत पसरलेली आहेत आणि ती वाचणारे थोडे. त्याच सांगोल्याचे तत्कालीन आमदार शहाजीबापू पाटील यांचे जून २०२२ मधले गुवाहाटीहून केलेले झाडी-डोंगाराचे बोलणे महाराष्ट्रातल्या पोरासोरांना पाठ झाले. ते मात्र एक दूरध्वनी संभाषण होते. लोकांच्या लक्षात काय राहते आणि राज्याच्या दप्तरी काय राहते, यातले अंतर या एका तालुक्यात पुरते दिसते.

दप्तरी राहिलेल्या प्रसंगांत काही कोमलही आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूर अधिवेशनाला आल्या आणि विधान भवनात हिरकणी कक्षाचा विषय निघाला. पावसाने कामकाज थांबवल्याची नोंदही नागपूरचीच. ६ जुलै २०१८ रोजी मुसळधार पावसात विधान भवनाच्या तळघरात पाणी शिरले, वीजपुरवठा बंद करावा लागला आणि कामकाज दिवसभरासाठी तहकूब झाले. वीज नाही म्हणजे ध्वनिक्षेपक नाही, आणि अशा सभागृहात बोललेले टिपायचे तरी कसे? शहराच्या तुंबलेल्या नाल्यांची व्यथा त्या दिवशी कोणाच्याही भाषणाविना थेट सभागृहात पोहोचली होती.

विधिमंडळाच्या ग्रंथालयात वृत्तांतांचे खंड आहेत आणि प्रश्नोत्तरांच्या याद्या विधिमंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात. मोहोळ तालुक्यातल्या नागरिकशास्त्राच्या शिक्षकांनी अशी एका दिवसाची यादी वर्गात मोठ्याने वाचून दाखवावी आणि आपल्या गावाच्या प्रश्नाला ‘होय’ मिळाले, ‘अंशतः’ मिळाले की तो उद्भवलाच नाही, हे मुलांना शोधायला सांगावे.